एकदा लावलेला कौल

माझी सून प्रमिला सहा वर्षांत एकदाही देवळाची पायरी चढली नाही.

देऊळ लांब असतं तर मी समजून घेतलं असतं. आमच्या ओट्यावरून दगड भिरकावला तर घंटेला लागेल एवढ्यावर गावदेवी. मी रोज सकाळी आंघोळ करून, गुडघे दाबत दाबत त्या अकरा पायऱ्या चढायची, डोकं टेकायची आणि उतरायची. उतरताना खाली बघावं तर ही बया देवीकडे पाठ करून वलांडीवर बोंबील टांगतेय. वलांडी म्हणजे बांबूंची उभी-आडवी चौकट. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी आडव्या बांबूवर टाकायची. तिचे हात या कामात असे चालायचे की दोन बायकांचं काम ती एकटी उरकायची. ते मी नाकारत नाही. पण घंटा वाजली तरी मान वर करायची नाही म्हणजे काय?

त्या मंगळवारीही तेच. कार्तिक संपत आला होता. मी पायऱ्या उतरून तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "प्रसाद घे."

"हात बोंबलाचे आहेत, आई. तोंडात घाला."

असं म्हणून तिने माझ्यापुढे आ केला. सत्तावीस वर्षांची बाई, चिमणीच्या पिल्लासारखा आ करून उभी.

"देवीला हात जोडायचे म्हटलं की हात बोंबलाचे, आणि प्रसादाला तोंड मात्र मोकळं!"

"प्रसादाला कोण नाही म्हणतं?" ती हसली. साखरफुटाणे चावत परत कामाला लागली, आणि वर गुणगुणायलाही लागली.

ते गुणगुणणं माझ्या अंगात काट्यासारखं शिरलं. ज्या बाईचा नवरा सहा वर्षं बेपत्ता आहे, तिला गाणं सुचतं कुठून?

माझा हरेश्वर. एकुलता एक. त्याचा बाप लवकर गेला, मी टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासळी विकली आणि त्याला वाढवला. लग्न झालं आणि चौदाव्या महिन्यात तो गुजरातच्या एका बंदरावरून मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. दिवाळीचा पाडवा करून निघाला होता. बोटीवर सातजण. पंधरा दिवसांनी दर्यात मोठं वारं उठलं. बाकीच्या बोटी आल्या, ती आली नाही. कोणी म्हणालं बुडाली. कोणी म्हणालं वाऱ्याने पाकिस्तानच्या हद्दीत गेली आणि तिथे धरली. आमच्या पट्टीतले खलाशी असे धरले जातात, वर्षानुवर्षं तिकडच्या तुरुंगात राहतात, मग कधीतरी सरकार यादी लावतं आणि ते सुटून येतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत तशा याद्या तीनदा लागल्या. मला काही वाचता येत नाही, दुसरीत शाळा सुटली. मी प्रमिलेला वाचायला लावायची. ती बोट फिरवत खालपर्यंत जायची आणि कागद घडी करून ठेवायची. "यात नाही," म्हणायची. बस. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

बोट आली नाही तेव्हा नवव्या दिवशी आम्ही देवीला कौल लावला होता. आमच्याकडे मोठ्या गोष्टीचा निर्णय असाच होतो. नथू भगत देवीला पाण्याने न्हाऊ घालतो, तिच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली कळी चिकटवतो आणि मोठ्याने प्रश्न विचारतो. मग सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. उजवी कळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. त्या दिवशी सगळं गाव देवळात होतं. प्रमिलाही होती, माझ्याच मागे. नथूने विचारलं, "आमचा हरेश्वर जिता आहे का? घरी येणार का?" बिडी ओढून व्हावी एवढा वेळ काहीच झालं नाही. मग उजवी कळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

बायकांनी माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. मी मागे वळून बघितलं तर प्रमिलेने पदर कमरेला खोचला होता आणि ती पायऱ्या उतरत होती. घरी आले तर चुलीवर भात रटरटत होता.

"अगो, देवीने कौल दिला! दोन मिनिटं थांबून नमस्कार तरी करायचा होता!" मी म्हटलं.

"केला ना," ती म्हणाली. "आता तो येणार. आल्यावर जेवायला घालायला आपण उभ्या असल्या पाहिजेत. चार दिवस तुम्ही अन्नाला शिवला नाहीत. बसा."

त्या दिवसानंतर ती देवळात गेली नाही ती नाहीच.

मी मात्र देवीला सोडलं नाही. रोजची पायरी तर होतीच, शिवाय मी मासळी सोडली. कोळणीने मासळी सोडायची म्हणजे काय ते दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. घरात चोवीस तास वास, हातात मासळी, अंगणात मासळी, आणि ताटात वरण. मी देवीला सांगितलं, पोरगा घरी आल्याखेरीज मी मासळीचा तुकडा तोंडात घालणार नाही. गावात माझं नाव झालं. पोशीबाईसारखी भक्ती कोणाची नाही, असं लोक बोलायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणि ही माझ्यासमोर पाट मांडून बोंबलाचं कालवण ओरपायची. दर चैत्रात नवा चुडा भरायची. अबोली फुलली की केसांत माळायची. लिलावाला गेली की बायकांत हिचं हसणं दुरून ऐकू यायचं. एकदा मी म्हटलं, "नवरा तुरुंगात कोरडी भाकरी खात असेल आणि तू वाटी चाटतेस!"

तर म्हणाली, "मी उपाशी राहिले तर त्याला दोन भाकऱ्या जास्त देणार आहेत का, आई?"

असल्या तोंडाची बाई. तिला घडवायला मी गेले असते तर माझीच जीभ झिजली असती.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दर अमावास्येला मी परत कौल लावून घ्यायची. पहिल्या वेळी नथू भगत कां-कूं करायला लागला. "वहिनी, एकदा लावलेला कौल परत लावत नाहीत. माझ्या बापाने कधी लावला नाही."

"तुझ्या बापाने गांजा ओढण्याखेरीज काय केलं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "लाव. मी देवीला आठवण करून देतेय. तिला काय मी एकटीच भक्त आहे? विसरायला होत असेल."

पोशीबाईला नाही म्हणायची छाती गावात कोणाची नव्हती. तो लावू लागला. कधी उजवी पडायची, कधी डावी. उजवी पडली की मी खाली येऊन चार जणींना सांगायची; प्रमिलेला मात्र नाही, आणि तिच्यासमोर बायकाही हा विषय काढत नसत. डावी पडली की कळीच जास्त ओली होती असं धरायची आणि पुढच्या अमावास्येची वाट बघायची. नथू कळ्या उचलून फेकून द्यायचा आणि दार लावून घ्यायचा.

त्या सहाव्या वर्षी श्रावणात डावी पडली. भाद्रपदातही डावी. दिवाळीतल्या अमावास्येला मी स्वतः कळ्या निवडून नेल्या, एकसारख्या, एकाच झाडाच्या. नथूने चिकटवल्या, प्रश्न पुरा व्हायच्या आत डावी पडली. मी देवळातून उतरले तेव्हा मला पायऱ्या दिसत नव्हत्या. कोणाला काही सांगितलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझा धाकटा दीर लक्ष्मण आला. लक्ष्मण आमच्या जमातीचा प्रमुख. पांढरी टोपी घालून, चहा अर्धा ठेवून बोलणारा माणूस. त्याने कप खाली ठेवला आणि मी समजले.

"वहिनी, सहा वर्षं झाली."

"मला मोजता येतात."

"जमातीचं म्हणणं आहे, आता त्याचं करून टाकावं. दर्यात गेलेल्या माणसाचं केलं नाही तर जीव मधेच अडकतो. तुम्हाला हे मी काय सांगायचं?"

करून टाकावं म्हणजे पुतळा करायचा. दर्याने ज्याचं शरीर परत दिलं नाही त्याचा आमच्याकडे पुतळा करतात. कणकेचं अंग, नारळाचं डोकं, त्यावर त्याचा जुना सदरा. ओहोटीला किनाऱ्यावर नेऊन सगळे विधी करायचे, बायकोचा चुडा फोडायचा. मग तो माणूस गेला. कायमचा गेला.

"आणि पोरीचं बघा," लक्ष्मण म्हणाला. "तिचा भाऊ मला भेटला होता. त्यांच्याकडे एक स्थळ आहे. बायको वारलेला, पण माणूस चांगला. स्थळ आज आहे, उद्या नसेल. मूल नाही, बाळ नाही, तिने कोणाच्या आधारावर बसायचं? तुम्ही किती दिवस?"

मी त्याला दारातून हाकलला असता. पाच वर्षांपूर्वी असंच कोणी बोललं होतं तेव्हा मी त्याच्या अंगावर मासळीचं पाणी फेकलं होतं. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर त्या तीन डाव्या कळ्या होत्या.

"ओहोटी कधी आहे?" मी विचारलं.

लक्ष्मणने माझ्याकडे बघितलं. एवढ्या लवकर मी ऐकेन असं त्यालाही वाटलं नव्हतं. "सोमवारी. सकाळी नऊला पाणी आत जाईल."

"सोमवारी करू."

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. हो म्हटल्यावर मला हलकं वाटलं. सहा वर्षं डोक्यावर धरलेली टोपली कोणीतरी उतरवून घ्यावी तसं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

प्रमिलेला मी संध्याकाळी सांगितलं. ती परसात बसून कोळंबी सोलत होती.

"सोमवारी हरेश्वराचं करायचं ठरलंय."

"काय करायचं?"

"तुला कळतंय मी काय म्हणते ते. वेड पांघरू नकोस."

तिचे हात थांबले. त्या सहा वर्षांत काम करताना तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"तो गेला असं कोणी सांगितलं?"

"देवीने. तीन अमावास्या डावा कौल."

"म्हणजे तुम्ही तिला परत विचारलंत?"

"मी दर अमावास्येला विचारते! घरातल्या कोणीतरी विचारायला नको? तू तर देवळाकडे ढुंकून बघत नाहीस. सगळी काळजी मीच वाहायची, आणि तू गाणी म्हणायचीस!"

मला वाटलं आता भांडेल. मला ते हवंही होतं. पण ती समोरच्या पातेल्यात बघत म्हणाली, "दर अमावास्येला?"

"हो."

"मला वाटायचं तुम्ही दिवा लावायला जाता."

तिने पातेलं उचललं, कोळंबी धुतली आणि आत जाताना म्हणाली, "सोमवारी येते मी किनाऱ्यावर."

मला वाटलं, वळली. मनात म्हटलं, बघ, हिलाही सुटकाच हवी होती. तिच्या भावाने सांगितलं असेल त्या स्थळाचं. आणि त्यात तिची काही चूक आहे असंही मला वाटलं नाही. वीस वर्षांची असताना ती या घरात आली होती.

सोमवारी पाणी पार आत गेलं होतं. ओल्या वाळूवर लक्ष्मणने पाट मांडला होता, पाटावर पुतळा. माझ्या हरेश्वराचा निळ्या रेघांचा सदरा मीच काढून दिला होता. तो त्या कणकेच्या अंगावर सैल पडला होता. जमातीचे दहा-बारा पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. नथू भगतही आला होता, जरा लांब उभा होता. विधवा झालेल्या दोघीजणी चुडा फोडायला दगड घेऊन तयार होत्या.

प्रमिला सगळ्यांत शेवटी आली. कामाचंच लुगडं, वर खोचलेलं. तिने पुतळ्याकडे बघितलंही नाही. सरळ नथू भगतासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, सहा वर्षांमागे सगळ्या गावासमोर तुम्ही कौल लावलात. कुठली कळी पडली होती?"

नथू गोंधळला. "उजवी."

"तुम्ही प्रश्न काय विचारला होतात?"

"जिता आहे का, घरी येणार का."

"प्रमिले, हे काय चाललंय?" लक्ष्मण पुढे आला. "मुहूर्त टळतोय. बायकांनी मध्ये बोलायचं नसतं."

"काका, एवढं एकच विचारते," ती लक्ष्मणला म्हणाली आणि परत नथूकडे वळली. "त्यानंतर किती वेळा लावला?"

नथूने माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावाला ठाऊक होतं ते उजव्या कळ्यांचं. डाव्यांचं कोणाला माहीत नव्हतं. 

"सांग की," मी म्हटलं. "आता तोंड उघडलंयस तर सांग."

"मोजले नाहीत," नथू खाली बघत म्हणाला. "साठ-सत्तर झाले असतील."

"आणि?"

"कधी उजवी, कधी डावी. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, वहिनी, एकदा लावलेला कौल परत लावत नाहीत. देवी एकदा बोलते. पुढच्या कळ्या म्हणजे नुसत्या कळ्या. त्या वाऱ्यानेही पडतात."

बायकांत कुजबुज झाली. मला वाटलं, वाळूने मला गिळलं तर बरं. चाळीस वर्षं या गावात मी मान वर करून राहिले. कोणाच्या अध्यात नाही, कोणाचं ऐकून घेणारी नाही. आणि माझ्याच सुनेने मला दहा-बारा पुरुषांसमोर उभं केलं होतं.

"मग तू का नाही गेलीस गो वर?" मी ओरडले. "फार शहाणी आहेस ना! देवीचा शब्द खरा वाटत होता तर कधी एक फूल वाहिलंस? सहा वर्षांत एक पायरी चढलीस?"

ती माझ्याकडे वळली. तिने पदर मुठीत आवळला होता. तिला तशी मी आधी कधीच पाहिली नव्हती.

"भीती वाटायची, आई."

"कसली?"

"मीही विचारीन म्हणून. वर गेले असते, तिच्यासमोर उभी राहिले असते, तर मलाही राहवलं नसतं. रोज सकाळी घंटा वाजायची आणि मला वाटायचं, जावं, एकदाच विचारावं, येतोय ना ग? मग मी वलांडी घट्ट धरून उभी राहायची. विचारलं असतं तर पहिलं उत्तर मी टाकून दिलं असं झालं असतं. तिने एकदा सांगितलंय. मला तेवढंच पुरवायचं होतं. संपू द्यायचं नव्हतं."

"आणि ती गाणी?"

"गुणगुणलं नाही तर घंटा ऐकू यायची."

 दूर पाण्याच्या कडेला बगळे चालत होते. लक्ष्मणने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"पोरी, तुझं दुःख कळतं," तो म्हणाला. "पण सहा वर्षं. माणूस असता तर एक कागद तरी आला असता. देवी बोलली असेल, पण माणसाने किती थांबायचं? वहिनी, तुम्ही सांगा. आईचा शब्द शेवटचा."

 चुडा फोडणाऱ्या दोघींनी दगड पदराआड घेतले होते.

मी पुतळ्याकडे गेले. जवळून तो फार वाईट दिसत होता. कणीक उन्हाने तडकली होती, नारळाला कोणीतरी शेंदराने डोळे काढले होते. माझ्या पोराचे डोळे घारे होते. मला त्या तीन डाव्या कळ्या आठवल्या, आणि मग ती पहिली उजवी आठवली. ती पडायच्या आधीचा तो वेळ आठवला, सगळं गाव श्वास धरून बसलेलं. त्या वेळी मी देवीला काय म्हटलं होतं? तू म्हणशील ते. असंच म्हटलं होतं. आणि तिने सांगितल्यावर पुढच्याच अमावास्येला मी तिच्या दारात परत उभी, खरं का ग, नक्की का ग. एखाद्या माणसाला मी सत्तर वेळा असं विचारलं असतं तर त्याने माझ्याशी बोलणं सोडलं असतं.

मी वाकले. सदरा काढून खांद्यावर टाकला. मग नारळ उचलला.

"वहिनी!" लक्ष्मण ओरडला. "हात लावू नका. मंत्र झालेत."

"झाले असतील तर मागे घे. ज्याचं करतोयस तो जिता आहे."

"तुम्हीच हो म्हणालात!"

"म्हणाले. चुकले. लिहून देऊ का? मला लिहिता येत नाही, अंगठा घे."

जवळच्या खडकावर मी नारळ आपटला. पहिल्या वेळी फुटला नाही. दुसऱ्या वेळी तडकला, पाणी हातावरून वाळूत गेलं. त्याच खडकावर खोबरं फोडून मी तुकडे केले आणि पुरुषांसमोर हात धरला.

"घ्या. प्रसाद आहे."

कोणी हात पुढे करेना. मेलेल्या माणसाचं डोकं म्हणून केलेला नारळ, तो कोण खाणार? लक्ष्मण दोन पावलं मागे सरकला. मी तशीच उभी राहिले. हात मी खाली घेतला नाही. शेवटी नथू भगत पुढे आला. त्याने एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. चावत म्हणाला, "गोड आहे."

मग एकेक जण आला. लक्ष्मण शेवटी आला. माझ्याकडे न बघता त्याने तुकडा घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. खाल्ला की नाही कोण जाणे.

लोक गेले. पाणी परत चढायला लागलं होतं. लाटेने कणकेचा पुतळा विरघळवायला घेतला, लहान मासे येऊन टोचायला लागले. आम्ही दोघी उभ्या होतो.

हरेश्वर आला तो त्यानंतर बावीस महिन्यांनी. तिकडच्या तुरुंगात होता, बोटीवरचे सातही जण होते. त्याने धाडलेलं एकही पत्र आम्हाला पोचलं नव्हतं. दाढी पांढरी झाली होती आणि एक कान ऐकेनासा झाला होता. आता त्याला दोन मुलं आहेत. हे सगळं गावाला ठाऊक आहे, आणि लोक मला सांगतात, पोशीबाई, तुमची पुण्याई. मी ऐकून घेते. बावीस महिने मी देवळात कसे काढले ते मलाच माहीत. रोज पायऱ्या चढायची, देवीसमोर बसायची आणि तोंड मिटून घ्यायची. तोंड मिटणं मला मासळी सोडण्यापेक्षा जड गेलं.

पण त्या सोमवारी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. यादी नव्हती, कागद नव्हता. पुढे आणखी किती वर्षं, ते ठाऊक नव्हतं. प्रमिला ओल्या वाळूत बसली होती आणि गुडघ्यांत तोंड घालून रडत होती. सहा वर्षांचं एकदम. मी तिला रडू दिलं. माझे डोळे कोरडे होते, मला बोलायचं होतं, आणि असलं काही बोलायची मला सवय नव्हती.  शेवटी सदऱ्याने तिचं तोंड पुसलं आणि म्हटलं,

"ऊठ गो. आणि ऐक. मी गावभर सांगत फिरले की या घरात देवाधर्माची बाई मी एकटी. ते खोटं होतं. मी देवीची दर अमावास्येला जबानी घेतली, भरवसा तू ठेवलास. हे मी एकदाच बोलतेय, प्रमिले. परत विचारलंस तर नाही म्हणून सांगेन."